सेबुआनो ही टागालोगची बोली नव्हे

फिलिपिन्समधली सेबुआनो ही टागालोगची, म्हणजे राजधानी मनिलात बोलल्या जाणाऱ्या भाषेचीच एक बोली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे. दोघी एकाच कुळातल्या, पण बहिणी; माय-लेकी नव्हेत. सेबू, बोहोल या बेटांवर आणि मिंडानाओ बेटाच्या मोठ्या भागात सेबुआनो बोलतात, आणि ती न शिकलेल्या मनिलाकराला ती कळत नाही. ‘लांगगाम’ म्हटलं की सेबूत पक्षी, मनिलात मुंगी!

खरा फरक क्रियापदात दिसतो. ‘काओन’ हा धातू घ्या. इंग्रजी कोशात त्याच्यासमोर ‘ईट’ लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर भागत नाही. ‘मिकाओन’ म्हणजे खाल्लं, ‘मोकाओन’ म्हणजे खाईल, ‘नागकाओन’ म्हणजे खातोय. सगळा खेळ पुढच्या उपसर्गाचा. टागालोगमध्ये धातू ‘काईन’, पण तिथे ‘उम’ हा प्रत्यय धातूच्या पोटात शिरतो: ‘कुमाईन’, खाल्लं. खाईल म्हणायला पहिलं अक्षर दोनदा येतं: ‘काकाईन’. रोजच्या सेबुआनोत ही तऱ्हा नाही.

मागून ‘ओन’ लागला की ‘कान-ओन’, म्हणजे जे खायचं ते. व्यवहारात त्याचा अर्थ शिजलेला भात! टागालोगचा ‘कानीन’ही तसाच घडलेला. आपलं ‘अन्न’ही ‘अद्’ म्हणजे खाणे या धातूवरून आलं, आणि तेलुगूत ‘अन्नम’ म्हणजे भातच. ‘कान-आनान’ म्हणजे जेवायची जागा. तिला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा आपली ‘खाणावळ’ जवळची. तीही ‘खाणे’वरूनच आलेली.