पन्हाळ्याचा चढ आणि दोन गाड्या

वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या वाटेला लागलं की गाडीची खरी परीक्षा सुरू होते. बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या जुन्या गाड्या मी लहानपणी याच चढावर पाहिल्या. पुढे ते दृश्य कमी होत गेलं. याचं कारण ॲम्बॅसिडर आणि मारुती ८०० शेजारी उभ्या करून दोघींची बॉनेटं उघडली की लगेच दिसतं.

ॲम्बॅसिडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं इंजिन लांबीत, उभं बसवलेलं. इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. सपाटीवर ठीक. पण घाटात पुढे एखादी एसटी रखडली, की इंजिनावर ताण पूर्ण, फेरे मात्र कमी. फेरे कमी म्हणजे पंखाही मंद, आणि समोरून वाराही नाही. उष्णता सर्वांत जास्त तयार होते नेमकी तेव्हाच ती बाहेर काढणारा पंखा ढिला पडतो.

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीत ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन आडवं ठेवलेलं आहे. त्याचा पट्टा गाडीच्या बाजूला येतो आणि रेडिएटर असतो समोर. मग पंखा पट्ट्यावर चालवणार कसा? म्हणून त्याला विजेची मोटर दिली. पाणी ठरावीक तापलं की पंखा आपोआप सुरू होतो, इंजिनाचे फेरे कितीही असोत. जागा वाचवायला केलेल्या रचनेतून घाटातल्या दुखण्यावरही उपाय निघाला. मला या दोन गाड्यांमधला हाच फरक सर्वांत सुंदर वाटतो.

दुसरा फरक कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या फौंड्रीवाल्यांना सांगायला नको. ॲम्बॅसिडरच्या त्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, तेही बिडाचं (ओतीव लोखंडाचं), मारुतीचं ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम वजनाला बिडाच्या निम्म्याहून कमी, आणि उष्णता सुमारे तिप्पट वेगाने वाहून नेतं.

वजनाचा हिशेब तर घरी बसून करता येतो. चार माणसांसह ॲम्बॅसिडर साधारण १४०० किलो भरते, मारुती ९३०. चढ ४०० मीटर धरू. एक लिटर पेट्रोलमधली सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, त्यातली पाव भागच चाकांपर्यंत पोचते. म्हणजे नुसतं वजन वर उचलायला ॲम्बॅसिडरला जवळपास ७०० मिली पेट्रोल लागतं, मारुतीला साडेचारशे.

पण पावसाळ्यात बाजू पालटते. चढावर गाडीचा भार मागच्या चाकांवर सरकतो. ॲम्बॅसिडर मागच्या चाकांनीच ढकलली जाते, त्यामुळे मागच्या सीटवर माणसं बसली की तिची पकड उलट वाढते. मारुती पुढच्या चाकांनी ओढते आणि चढावर नेमकी तीच हलकी होतात. म्हणून चिखलाच्या छोट्या चढावर पुढची चाकं जागेवरच फिरू लागली, तर जाणते ड्रायव्हर गाडी वळवून रिव्हर्समध्ये वर चढवतात. तेव्हा ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि भार त्यांच्यावर पडतो.