संतुलित बले

एकाच वस्तूवरील सर्व बलांची सदिश बेरीज (दिशा लक्षात घेऊन केलेली बेरीज) शून्य येते, तेव्हा त्यांना संतुलित बले म्हणतात. अशा वेळी स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि चालती वस्तू त्याच चालीने सरळ रेषेत जात राहते. वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात बलाला 'प्रेरणा' व जडत्वाला, म्हणजे वस्तूच्या आहे त्याच स्थितीत राहण्याच्या प्रवृत्तीला, 'निरूढी' म्हटले आहे. येथे शालेय परिभाषा पाळली आहे.

सांगलीच्या बाजारात जमिनीवर ठेवलेल्या ५० किलोग्रॅम हळदीच्या पोत्यावर पृथ्वीचे सुमारे ४९० न्यूटन बल खाली व जमिनीचे तेवढेच बल वर असते. हे सहज पटते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या उसाच्या ट्रॉलीवरही ट्रॅक्टरची ओढ आणि घर्षण व हवेचा रोध बरोबरीत सुटतात, हे पटायला जड जाते. खंबाटकी घाटाच्या सरळ चढावर एका वेगाने चढणाऱ्या ट्रकवरील निव्वळ बलही शून्यच. वळणावर मात्र नाही, कारण तेथे दिशा बदलते. समान व विरुद्ध बले एका रेषेत नसतील तर बलयुग्म होते आणि वस्तू फिरू लागते. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी यात मोडत नाही. ती दोन वेगळ्या वस्तूंवर असते.

निव्वळ बल शून्य असता गती टिकते, या कल्पनेचे, म्हणजे जडत्वाच्या नियमाचे (न्यूटन यांच्या पहिल्या नियमाचे), जनकत्व वादग्रस्त आहे. न्यूटन यांनी १६८७ मध्ये गतीचे नियम मांडताना पहिल्या दोहोंचे श्रेय गॅलिलिओंना दिले. सूर्यडागांवरील १६१३ च्या पत्रांत गॅलिलिओंनी अडथळा नसता गती टिकते असे म्हटले खरे, पण ती पृथ्वीशी समकेंद्री पृष्ठभागावरची, म्हणजे वर्तुळाकार गती. सरळ रेषेचा स्पष्ट आग्रह फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या १६४४ च्या ग्रंथात आहे. नियमाच्या आजच्या रूपापुरते श्रेय देकार्त यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक दिसते.

वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनातील 'वेग' हा संस्कार (वस्तूत साठून राहणारा गुण) कधीकधी जडत्वाच्या जागी दाखवला जातो. वैशेषिकसूत्रांत (काळ अनिश्चित, बहुधा ख्रिस्ती सनाच्या आगेमागे) बाणाची पहिली गती नोदनाने (ढकलण्याने), पुढच्या गती संस्काराने आणि संस्कार सरल्यावर पतन गुरुत्वाने (जडपणाने) सांगितले आहे. म्हणजे गती टिकण्यासाठी बाणात काही साठलेले असावे लागते. ही मांडणी जडत्वापेक्षा चौदाव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ ब्युरिदाँ यांच्या 'इंपेटस' (फेकणाऱ्याने वस्तूत भरलेला जोर) या कल्पनेला जवळची आहे.