डासांच्या अळ्या मारणारा मातीतला जिवाणू

१९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात योएल मार्गालिथ यांना एका डबक्यात डासांच्या मेलेल्या अळ्यांचा खच तरंगताना दिसला. त्यांनी आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांनी तिथून एक जिवाणू वेगळा केला. तोच बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. कपाशीमुळे विदर्भात घरोघरी पोचलेल्या बीटीचाच हा भाऊबंद, फक्त याचा मारा बोंडअळीऐवजी डासांच्या अळीवर.

बीजाणू धरताना हा जिवाणू प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. स्फटिक आहे तसा निरुपद्रवी असतो. अळी पाण्यातले कण गाळून खाते, त्यांबरोबर तो पोटात जातो. तिचं आतडं चांगलंच अल्कधर्मी असल्यामुळे तो तिथे विरघळतो, तिचेच पाचकरस त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे आतड्याच्या पेशींना भोकं पाडतात. अळीचं खाणं थांबतं, एका दिवसात ती मरते. आपलं जठर आम्लधर्मी, शिवाय हे तुकडे जिथे चिकटतात त्या जागा आपल्या आतड्यात नाहीत. म्हणून माणसाला किंवा माशांना अपाय होत नाही. काही निरुपद्रवी चिलटांच्या अळ्या मात्र जास्त मात्रेत मरतात, हेही सांगायला हवं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या स्फटिकाची घडण. त्यात मुख्य विषं चार आहेत, आणि त्यांतलं एक पेशीला चिकटून इतरांना पकड मिळवून देतं. त्यामुळे अळीला प्रतिकार कमावणं फार अवघड जातं. लायसिनिबॅसिलस स्फेरिकस हा डासांच्या अळ्या मारणारा दुसरा जिवाणू गटाराच्या घाण पाण्यातही टिकतो, पण त्याची मुख्य भिस्त एकाच विषावर. १९९०च्या दशकात कोचीत क्युलेक्स जातीच्या डासांच्या अळ्या त्याला दाद देईनाशा झाल्या. एकाच औषधावर विसंबून राहण्याची आपली सवय इथे नडते.

त्याच दशकात गोव्यात मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस स्टिफेन्सीवर हे दोन्ही जिवाणू वापरून पाहिले गेले. बांधकामावरच्या टाक्या आणि स्लॅबवर साठवलेलं पाणी या डासाला फार मानवतं. अशा ठिकाणी फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण ऊन आणि तळाशी बसणारे कण यांमुळे बीटीआयचा जोर लवकर ओसरतो. अळीचा कोष झाला की तो काही खातच नाही, त्यामुळे फवारणीचा उपयोग नसतो. ज्या पिंपात कोष दिसतात, त्यातलं पाणी जमिनीवर ओतून पिंप कोरडं करावं लागतं.