जिंकूनही क्रमांक घसरतो तेव्हा

आयपीएलमध्ये दहा संघ. गुणतक्ता पाहिला की कोण पुढे गेलं आणि कोण घरी, ते लगेच कळतं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात पुरुषांचे 360 हून जास्त संघ आहेत आणि मोसमात प्रत्येकाच्या वाट्याला तीसेक सामने येतात. बहुतेक संघांची एकमेकांशी गाठच पडत नाही. तरीही मार्चमधल्या एका रविवारी निवड समितीला अंतिम स्पर्धेतले संघ जाहीर करावे लागतात. 2025 साली 68 पैकी 31 जागा वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपापसांत साखळी खेळणाऱ्या कॉलेजांच्या संघटनांच्या, विजेत्यांना थेट मिळाल्या. उरलेल्या 37 कुणाला द्यायच्या, इथे गणित सुरू होतं.

1981 पासून 2018 पर्यंत समितीच्या हाताशी आरपीआय (रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स) हा निर्देशांक होता. त्यात स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला 25 टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 50 टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना 25 टक्के. दुबळ्यांना हरवून कुणी मोठं होऊ नये, हा हेतू रास्तच होता. पण आकडे मांडून बघा. एका संघाने 20 पैकी 16 सामने जिंकलेत आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचं विजयाचं प्रमाण सरासरी 0.600 आहे. एकविसाव्या सामन्यात त्याने 0.100 प्रमाणाच्या संघाला हरवलं, तर मूळ सूत्राप्रमाणे निर्देशांक 0.0095 ने उतरतो. तोच सामना 0.900 प्रमाणाच्या बलाढ्य संघाशी खेळून हरला, तर उतरतो फक्त 0.0024 ने. (तिसरा घटक इथे स्थिर धरला आहे.) जिंकणं हरण्यापेक्षा महाग पडावं, हा सूत्रातला दोषच म्हणायला हवा.

2018-19 च्या मोसमात त्याजागी ‘नेट’ ही नवी क्रमवारी आली. यात संघाची कार्यक्षमताही मोजतात, म्हणजे चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला आणि त्यातून किती गुण झाले. 75 ताब्यांत 80 गुण करणारा संघ दर शंभर ताब्यांमागे 106.7 गुणांवर येतो, तर 60 ताब्यांत 68 गुण करणारा 113.3 वर. गुणफलकावर मागे दिसणारा दुसरा संघ प्रत्यक्षात आक्रमणात सरस ठरतो. समोरचा संघ किती तगडा होता आणि सामना कुणाच्या मैदानावर झाला, हेही हिशेबात धरतात.

हे आरपीआयपेक्षा नक्कीच चांगलं. पण समिती नुसत्या क्रमांकावर निवड करत नाही. नेटच्या आधारे प्रतिस्पर्ध्यांचे चार गट पाडून कुठल्या गटातल्या कुणाला हरवलं, तेही बघते. 2024 मध्ये इंडियाना स्टेट हा कॉलेज संघ 28 सामने जिंकून नेटमध्ये पहिल्या तिसांत होता, तरी त्याला जागा मिळाली नाही. अव्वल गटातले विजय तुटपुंजे पडले. मोठ्या कॉलेजांचे संघ लहान कॉलेजांच्या मैदानावर सहसा खेळायला जात नाहीत, मग असे विजय मिळवायचे कुठून? त्यात नेटचं संपूर्ण सूत्र जाहीर केलेलं नाही. आरपीआय सदोष होता, पण कुणीही वहीत मांडून पडताळू शकत होतं. वगळलेल्या संघाला निदान तेवढा हक्क तरी मिळायला हवा.