गोळी सुटत नाही म्हणजे व्यसनच लागलं का?

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड फिरत होता, टेन्शनच्या गोळ्या म्हणजे ड्रग्जच, आजच फेकून द्या आणि जायफळ घातलेलं दूध प्या. दूध प्या खुशाल. पण अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम यांसारखी टेन्शनची गोळी कित्येक महिने रोज घेणाऱ्या माणसाने ती एका दिवसात बंद केली तर त्याला फिट येऊ शकते, म्हणून हे लिहितोय.

या गोळ्या बेंझोडायझेपिन गटातल्या. यातली पहिली लिओ स्टर्नबाखने रोश कंपनीत असताना बनवली, १९६० साली ती लिब्रियम नावाने बाजारात आली, १९६३ मध्ये व्हॅलियम. त्या काम कशा करतात हे मला फार आवडतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते पेशीवरच्या रिसेप्टरला (रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की पेशीत क्लोराइड आयन शिरतात, पेशी आतून आणखी निगेटिव्ह होते आणि सहजासहजी सिग्नल सोडत नाही. हा रिसेप्टर पाच प्रथिनांचा, मधोमध आयन जायची वाट. गोळी ही वाट स्वतः उघडत नाही! ती अल्फा आणि गॅमा या दोन प्रथिनांच्या मधल्या खाचेत जाऊन बसते आणि मग गाबा आला की वाट नेहमीपेक्षा जास्त वेळा उघडते, म्हणजे शांत करणारं रसायन तुमचंच, गोळी फक्त त्याचा जोर वाढवते. (दारूबरोबर घेतली तर मात्र श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.)

आता हे रोज होत राहिलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. रिसेप्टर पूर्वीइतकी दाद देत नाहीत आणि पेशींना चेतवणारी ग्लुटामेटची यंत्रणा जोर धरते. ठाणे स्टेशनला गर्दीत समोरून रेटा आला की आपणही अंग रेटून उभे राहतो, आणि समोरचा अचानक बाजूला झाला की तोंडावर पडतो, तसंच. हात थरथरणं, झोप उडणं, आधीपेक्षा जास्त घाबरायला होणं, हे सगळं त्या उरलेल्या रेट्याचं. याला म्हणतात डिपेंडन्स, आणि डॉक्टरने लिहिलेला डोस इमानदारीत घेणाऱ्या आजीलाही तो होतो.

व्यसनात वागणं बदलतं. डोस मनानेच वाढवणं, गोळीसाठी डॉक्टर आणि मेडिकल बदलत फिरणं, नोकरी-संसाराचं वाटोळं होतंय हे दिसत असूनही न थांबणं. मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकेचं पुस्तक डीएसएम-५, त्यात (२०१३) तर स्पष्टच आहे की औषध डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे घेत असाल तर नुसता टॉलरन्स (त्याच डोसचा असर कमी होणं) आणि विथड्रॉवल (बंद केल्यावर होणारा त्रास) व्यसनाच्या निकषांत धरायचा नाही. अर्थात या गोळ्यांचं व्यसन लागतच नाही असं नाही, कारण मेंदूच्या व्हीटीए भागात डोपामाइनच्या (हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या) पेशींना दाबून ठेवणाऱ्या छोट्या पेशी असतात, गोळी त्यांच्यावरच्या अल्फा-१ प्रकारच्या गाबा रिसेप्टरमधून त्यांनाच गप्प करते आणि डोपामाइन वाढतं. म्हणून तर आपल्याकडे अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे, मेडिकलवाल्याला पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं.

सोडायची असेल तर डॉक्टरला विचारून हळूहळू. २०२५ च्या अमेरिकन गाइडलाइनप्रमाणे सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी करायचा. कधीकधी अल्प्राझोलामऐवजी डायझेपाम देतात, ती शरीरातून सावकाश जाते त्यामुळे असर उतरतानाचा त्रास कमी जाणवतो. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.