भाषा ओळखणारा सिलेक्टर कुठून आला

इंदूरच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवर गणेशोत्सवाची सूचना मराठीत असते आणि खाली तीच हिंदीत. लिपी एक, पण ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं निराळी. हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी मजकुरात खुपतो, आणि तो खपवून घेऊ नये. कुठल्या मजकुराला कुठला फाँट, हे ब्राउझरला सांगण्याची सोय सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या भाषेत, बरीच जुनी आहे. नियम पानातल्या कशाला लागू, हे सांगणारा त्याचा भाग म्हणजे सिलेक्टर.

होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४मध्ये, सर्न या संशोधनसंस्थेत असताना, सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. त्यात नियमापुढे टक्केवारी लिहायची होती. लेखकाचा आग्रह किती, हे त्यावरून ठरणार होतं. ती कल्पना मागे पडली. पुढे संगणकतज्ज्ञ बर्ट बॉस सोबत आले आणि डिसेंबर १९९६मध्ये पहिली आवृत्ती मंजूर झाली. टॅगचं (पानातल्या घटकाच्या खुणेचं) नाव, ठिपका देऊन क्लास (अनेक घटकांना देता येणारं नाव), # देऊन आयडी (एकाच घटकाचं नाव), आणि मधे जागा सोडून ‘याच्या आतला तो’, एवढे मुख्य सिलेक्टर तिच्यात होते. दोन नियम भिडले तर आधी आयडी मोजायचे, मग क्लास, मग टॅग, हा हिशेबही तेव्हाचाच. कितीही क्लास जोडले तरी एका आयडीला ते भारी पडत नाहीत.

मजकुराची भाषा टॅगमध्ये नोंदवणारं ‘लँग’ अ‍ॅट्रिब्यूट १९९७मध्ये पान लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेच्या चौथ्या आवृत्तीत आलं. लगेच मे १९९८च्या सीएसएस २मध्ये त्यावर बेतलेला ‘लँग’ स्यूडो-क्लास, म्हणजे क्लास न चिकटवताही क्लाससारखी निवड करणारा सिलेक्टर, आला. पण इंटरनेट एक्सप्लोररला तो समजायला २००९ची आठवी आवृत्ती यावी लागली. तोवर भाषेसाठी प्रत्येक परिच्छेदाला वेगळा क्लास चिकटवणं हाच खात्रीचा मार्ग होता. ती सवय अजून सुटलेली नाही.

भाषेचं अ‍ॅट्रिब्यूट चौकटी कंसात लिहूनही निवड करता येते, पण दोन्ही एक नव्हेत. सूचनेच्या बाहेरच्या डिव्हवर (मजकूर गुंडाळणाऱ्या टॅगवर) भाषा मराठी लिहिली असेल, तर चौकटी कंसाला फक्त ते डिव्ह सापडतं. स्यूडो-क्लासला आतले परिच्छेदही सापडतात, कारण भाषा वरून खाली उतरते. आत एखादा परिच्छेद हिंदी म्हणून नोंदवला, तर तो आपोआप वगळला जातो. दुभाषी पानाला हेच हवं.

तरीही फाँट लागत नसेल, तर आधी आयडी शोधावा. नियम भिडले की स्यूडो-क्लासचं वजन क्लासइतकंच. कार्यक्रमपत्रिकेचा आयडी घेऊन तिच्या आतल्या परिच्छेदांनाच फाँट बांधला असेल, तर त्यांच्यासाठी लिहिलेला भाषेचा नियम हरतो. अशा वेळी ‘इम्पॉर्टंट’ (वजन न बघता नियम पुढे काढणारा शब्द) ठोकून देणं मला पटत नाही; त्यालाही पुढे कोणीतरी दुसऱ्या ‘इम्पॉर्टंट’ने ओलांडतो. आयडीच्या जागी क्लास घ्यावा आणि भाषेचा नियम त्याच क्लाससह लिहावा. एचटीएमएलला हात लावता येत नसेल, तर आयडी ‘व्हेअर’ या स्यूडो-क्लासच्या कंसात घालावा. त्या कंसातल्या सगळ्याचं वजन शून्य धरतात, आणि २०२१पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत तो चालतो.