पोट भरल्याचा निरोप पोहोचण्याआधी

उकडलेले बटाटे नुसतेच खायला घेतले, तर दोन-तीन बटाट्यांतच घास तोंडात फिरायला लागतो. तेच बटाटे लांबट कापून तळले आणि वर मीठ भुरभुरलं, की पुडा कधी संपला कळत नाही. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणी असतं. तळताना त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं आणि तेल आत शिरतं. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८७ कॅलरी असतात, तेवढ्याच फ्रेंच फ्राइजमध्ये ३००च्या आसपास. जठराला कॅलरी मोजता येत नाहीत, त्याला कळतो तो फक्त ताण.

आतड्यांतली संप्रेरकं मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतात खरी, पण त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मऊ बर्गर फारसा चावावाच लागत नाही, त्याआधीच तो संपलेला असतो. वर कोला. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सात चमचे साखर. शिवाय पिण्यातून गेलेल्या कॅलरींची पोट फारशी दखलच घेत नाही, त्यामुळे पुढचं जेवण काही कमी होत नाही.

म्हणून ‘पोरगं हावरट आहे’ असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्यांचं तरी काय वेगळं होतं? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार होणारं, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढलेल्या ताटांत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच. हवं तेवढं खायची मुभा. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला: पहिल्या प्रकारच्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, तीही भराभर, आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोने वाढली होती.

मुलांच्या बाबतीत हे जास्त जिव्हारी लागतं. चरबीच्या पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात वाढते आणि पुढे साधारण तेवढीच राहते. मोठेपणी वजन उतरवलं तर पेशी आक्रसतात, संख्येने कमी होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते १९ वयोगटातल्या लठ्ठ मुलांचं प्रमाण १९९० मध्ये २ टक्के होतं, २०२२ मध्ये ते ८ टक्के झालं. खेळ कमी झाला, झोप कमी झाली, हेही त्यात आलंच. पण तीस वर्षांत मुलांची जनुकं बदलत नाहीत. बदललं ते त्यांच्यापुढे येणारं अन्न.

चिलीने २०१६ साली या अन्नालाच हात घातला. जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का आला, त्यांवरची कार्टून गेली, शाळांत अशा पदार्थांची विक्री थांबली. पुढच्या दीड वर्षात शिक्का लागलेल्या गोड पेयांची घरगुती खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली.